शेवटची होडी साडेपाचाक

किल्ल्यावरून दोन दिवस हौशी रेडिओ चालवायची परवानगी हवी होती. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्याखाली पर्याय चारच: चित्रीकरण, छायाचित्रण, सांस्कृतिक, इतर. आम्ही 'इतर'वर खूण केली आणि तिथेच पावणेदोन महिने गेले. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता. "मॅडम, हातात मोबाइल असताना हे कशाला?"

हा प्रश्न मला अकरा वर्षं सगळ्यांनी विचारून झालाय, सासूबाईंनी तर दर दिवाळीला. मी बँकेत काम करते आणि हॅम आहे, म्हणजे परवाना असलेली हौशी रेडिओवाली. सरकारची परीक्षा द्यायची, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना घ्यायचा, मग स्वतःचं 'कॉलसाइन' मिळतं. आपल्याकडे ते व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होतं. त्या नावाने जगातल्या कुठल्याही हॅमशी बोलायचं. मध्ये टॉवर नाही, नेट नाही, फक्त आपली तार, त्याची तार आणि वर आकाश. एखाद्या खास निमित्ताने थोड्या दिवसांसाठी वेगळं कॉलसाइनही मागता येतं. ते मग एटी, एयू किंवा एट-टी असं काहीतरी सुरू होतं आणि ऐकणाऱ्याचे कान टवकारतात, कारण ते रोज ऐकू येत नाही.

कचेरीतल्या प्रश्नाला उत्तर दिलं काकांनी. काका आमच्या क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ, सैन्याच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "साहेब, डिसेंबर २००४ मध्ये काही हॅम अंदमानला गेले होते. काम काही नाही, नुसती हौस. जगभरच्या लोकांना अंदमानशी संपर्क हवा असतो म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि मग त्याच हौशी लोकांच्या रेडिओवरून निरोप जायला लागले." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही किल्ल्यावर आपत्तीची तालीम करणार?" काका म्हणाले, "नाही, हौसच करणार." मला वाटलं, गेलं आता सगळं. पण त्यानंतर आठवड्याभरात पत्र आलं.

किल्ला कुठला, यावरूनही क्लबात बरीच खडाजंगी झाली होती. ११ जुलै २०२५ ला पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हाच ठरलं की यातल्या एखाद्यावरून स्टेशन चालवायचं. तरुण मंडळी राजगडाच्या बाजूने. उंची! सिंहगड घेतल्यावर पागेच्या छपरांना आग लावून राजगडाला खूण केली, ती समोरासमोर दिसली म्हणूनच ना. तीच तर 'लाइन ऑफ साइट', असा त्यांचा युक्तिवाद. चुकीचा नाही, पण तो व्हीएचएफला, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या लाटांना लागू. शॉर्टवेव्हची लाट डोंगरावरून सरळ बघत नाही, ती वातावरणाच्या वरच्या, आयनोस्फिअर नावाच्या थरावर आपटून परत खाली येते. ती जितकी जमिनीलगत, जितक्या कमी कोनात निघेल तितकी लांब पडते. आणि कमी कोनात निघालेली लाट कोरडी जमीन गिळून टाकते, खारं पाणी गिळत नाही. समुद्राच्या काठावर नुसती पाच मीटरची उभी तार लावली तरी ती गावातल्या गच्चीवरच्या मोठ्या अँटेनाला भारी पडते. म्हणून जलदुर्ग. जलदुर्गांत सिंधुदुर्ग, कारण मालवणहून होडी नियमित सुटते आणि काकांच्या मावसबहिणीचं घर मालवणात आहे. दुसरं कारण इतिवृत्तात लिहिलं नाही.

पत्रातल्या अटी मी पाठ केल्या होत्या. खिळा नाही, खुंटी नाही, खणायचं नाही. तटाला दोरी बांधायची नाही. जनरेटर नाही. सूर्यास्ताआधी सगळं सामान किल्ल्याबाहेर. काहींना हे जाचक वाटलं. मला नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झालेला तट, साडेतीनशे वर्षं लाटा खातोय, आणि आपण आपल्या दोन दिवसांच्या खेळासाठी त्याच्यात खुंटी ठोकायची?

पण मग काठी उभी कशी करायची? मासे पकडायची दुर्बिणीसारखी उघडणारी फायबरची काठी असते ना, ती हॅम लोकांची लाडकी. सात मीटरची घेतली तर तिच्यावर पाच मीटरची तार सहज चढते. १४ मेगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण २१ मीटर, तिचा चौथा हिस्सा म्हणजे ही पाच मीटर. काठी धरायला लोखंडी तिवई, आणि तिवईच्या प्रत्येक पायावर वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन. कॅन मालवणातून रिकामे न्यायचे, तिथे समुद्राचं पाणी भरायचं, संध्याकाळी ओतून टाकायचं. साठ किलो वजन, होडीत मात्र जवळजवळ शून्य. ही युक्ती आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराची. मी त्याच्यावर खूश होते. शनिवारी दुपारपर्यंत.

डिसेंबरातला पहिला शनिवार. सकाळी साडेसातला जेट्टीवर आमचा पसारा बघून तांडेल कंबरेवर हात ठेवून उभा. दोन लिथियम बॅटऱ्या, प्रत्येकी बारा किलोच्या, रिग म्हणजे रेडिओचा संच, केबलची भेंडोळी, घडीचं टेबल, छत्री, आणि ती काठी.

"ह्या काय, गळ?" त्याने विचारलं.

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"येवढ्या मोठ्या गळान मासो खंयचो धरतल्यात?"

"जपानचा," धाकटा म्हणाला.

तांडेलाला ते आवडलं. तेवढ्यात काकांनी भरतीची वेळ विचारली. आमच्याकडे मोबाइलवर तक्ता होता, तरी विचारलं. "आज दुसरी तीथ. तिथीची पाऊणपट करूची. दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती." मग बोट दाखवून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही तक्त्याइतक्या गांभीर्याने घेतली नाही. "शेवटची होडी साडेपाचाक. मगे माझ्या नावान बोंब मारू नकात."

दिल्ली दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही, हे सिंधुदुर्गाचं वैशिष्ट्य सगळ्यांना ठाऊक असतं, पण बारा किलोची बॅटरी खांद्यावर घेऊन त्या वळणातून आत जाताना ते पायांना कळतं. आत हनुमानाला नमस्कार, घुमटीतल्या चुन्यातल्या हाताच्या आणि पायाच्या ठशांना नमस्कार, मग शिवराजेश्वराच्या मंदिरावरून, गोड्या पाण्याच्या विहिरींवरून पलीकडे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव: चहूकडे खारं पाणी आणि मध्ये ही नावं. तटाबाहेर राणीची वेळा म्हणून लहानशी पुळण आहे, तिथे काठी उभी केली. टेबल माडाच्या सावलीत.

साडेनऊला रिग चालू केली. आधी ४० मीटर लांबीच्या लाटांचा बँड, भारतातल्याच लोकांशी बोलायला. यावर काकांचा आणि धाकट्याचा वाद आदल्या रात्रीपर्यंत चालला होता. धाकट्याचं म्हणणं, स्पेशल कॉलसाइन मिळालंय तर आकडा वाढवा. समोरच्याला 'फाइव्ह नाइन' (म्हणजे सिग्नल उत्तम), 'थँक यू' म्हणायचं की पुढचा. काकांचं म्हणणं, मग किल्ल्यावर कशाला आलो, गच्चीवरूनच करायचं. तडजोड अशी: सकाळचा पहिला तास संथ, ज्याला बोलायचंय त्याच्याशी बोलायचं, नंतर धाकट्याची गाडी सुसाट.

तो पहिला तास मला सगळ्यात जास्त आठवतो. सातारा, बेळगाव, बेंगळुरू. आणि एक तमिळनाडूतला आवाज, वय झालेला, अत्यंत स्वच्छ उच्चारांचा. म्हणाला, "आमचा किल्लाही तुमच्याच यादीत आहे." मला क्षणभर कळलं नाही. मग उजेड पडला: जिंजी! बारांपैकी अकरा महाराष्ट्रात, बारावा त्यांच्याकडे. मी त्याला सांगितलं, मी बसलेय तिथून हाकेच्या अंतरावर शिवरायांचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधवलं असं इथे सांगतात. आणि राजाराम महाराज १६८९ नंतर तुमच्या जिंजीतच तर होते. तिकडे दोन सेकंद नुसती खरखर. मग तो म्हणाला, "म्हणजे हा मार्ग जुनाच आहे. पूर्वी निरोप पोचायला जास्त दिवस लागत होते, इतकंच." त्याने सिग्नल रिपोर्ट दिला, मी दिला, 'सेव्हन्टी थ्री', म्हणजे हॅम भाषेत शुभेच्छा, म्हणून निरोप घेतला. वहीत त्याची ओळ इतर ओळींएवढीच आहे.

साडेदहाला २० मीटरवर गेलो आणि अकराला संकट आलं. रिगने एकदम पॉवर पाडली. एसडब्ल्यूआरचा काटा पार टोकाला, म्हणजे आपण पाठवतोय ते अँटेनात न जाता परत येतंय. धाकट्याने काठी तपासली, तार तपासली, जमिनीलगतच्या दोन तारा तपासल्या. काका म्हणाले, पाणी वाढतंय, भरतीचा परिणाम. मी म्हणाले, भरतीने थोडं हलेल, इतकं नाही. मग केबलचा जोड हातात घेऊन जरा वाकवला आणि काटा खाली आला. सोडला, परत वर. तो जोड मी केला होता. रात्री अकराला, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, टीव्ही बघत. कथिल वरून गोल गुळगुळीत दिसत होतं, आत जाळीला चिकटलंच नव्हतं. याला 'कोल्ड जॉइंट' म्हणतात आणि नवख्यांना पहिल्या दिवशी शिकवतात तो हाच.

गॅसवरची सोल्डरिंगची इस्त्री आणली होती, पण पुळणीवर वारा इतका की ज्योत टिकेना. छत्री आडवी धरली, नाही. बॅगेच्या आत हात घालून बघितलं, बॅगेलाच आग लागायची. शेवटी किल्ल्यात राहणाऱ्या एका घरातल्या वहिनींनी त्यांच्या पडवीत बसवलं, वर मोठं पातेलं आडवं धरलं, आणि त्या पातेल्याच्या पोटात मी जोड परत केला. दीड तास गेला. वहिनी म्हणाल्या, "मोबाइल लागता हंय, माझो देतंय." मी म्हटलं, नको, आता होतंय. त्या काळात धाकटा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला जास्त राग त्याच्या सौजन्याचा आला.

एक वाजता परत हवेत आलो, आणि मग जे झालं त्याला हॅम भाषेत 'पाइल-अप' म्हणतात. एकाच वेळी पन्नास जण आपापलं कॉलसाइन ओरडतायत, त्यातून दोन अक्षरं कानात पकडायची आणि तीच परत म्हणायची, की बाकीच्यांनी गप्प बसावं. इटलीवाले गप्प बसत नाहीत. हा माझा पूर्वग्रह असेल, पण अकरा वर्षांत तो मोडायची संधी त्यांनी दिलेली नाही. युरोप आमच्यापासून वायव्येला, त्या दिशेला समोर नुसतं पाणी, त्यामुळे तिकडचे सिग्नल असे येत होते की हेडफोन कानापासून दूर धरावा. डब्ल्यू, ओ, झेड ही अक्षरं नीट कळावीत म्हणून म्हणतात ते 'व्हिस्की', 'ऑस्कर', 'झुलू' ऐकून आजूबाजूला जमलेल्या पर्यटकांपैकी एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "दारूचीच नावं घेतायत." बाई बोलतेय म्हटल्यावर गर्दी आणखी वाढते, हेही सांगून टाकते. या छंदात पुरुष कितीही कोवळा असो, तो 'ओल्ड मॅन', आणि बाई कितीही वयाची असो, ती 'यंग लेडी'. बावन्नाव्या वर्षी दर मिनिटाला कुणीतरी मला 'यंग लेडी' म्हणत होतं. तक्रार नाही.

तांडेलाचं गणित तपासायचं राहू नये म्हणून मी पाण्यावर लक्ष ठेवून होते. दीडऐवजी साधारण एक पन्नासला पाणी सगळ्यात वर आलं आणि धाकट्याच्या एका कॅनला भिजवून गेलं. कॅन हलला नाही.

दुपारी एका शाळेची सहल आली. एक मुलगा टेबलाला चिकटून उभा राहिला, हलेचना. "मी बोलू?" परवाना नसलेल्याच्या हातात माइक देता येत नाही, आणि परवान्याला किमान वय १२. तो दहाचा. त्याचं तोंड उतरलं. काकांनी सरावाची छोटी मोर्स की काढली, जी कशालाच जोडलेली नसते, नुसती पीप करते, आणि त्याचं नाव वाजवून दाखवलं. मग त्याला वाजवायला लावलं. चार प्रयत्नांत जमलं. मागे धाकटा घड्याळाकडे बघत होता, कारण तेवढ्या वेळात वीस संपर्क झाले असते. झाले असते, खरंच. मला मात्र वाटतं, किल्ल्यावर जाऊन हे करण्याचं कारण ते वीस नव्हेत. क्लबात यावर अजून एकमत नाही.

आता संध्याकाळ. हॅम लोकांना सूर्यास्ताचं वेड असतं, आणि ते काव्याचं नाही. दिवसा आकाशात खालचा एक थर लाटा शोषत असतो. सूर्य कलला की तो विरायला लागतो, वरचा परावर्तन करणारा थर मात्र टिकून राहतो. पृथ्वीवर ज्या रेषेवर इकडे मावळतंय आणि तिकडे उगवतंय, त्या रेषेवरच्या दोन जागा काही मिनिटं एकमेकींना फार छान ऐकू येतात. तिला 'ग्रे लाइन' म्हणतात. त्या दिवशी मालवणात सूर्यास्त सहाच्या सुमारास. त्याच वेळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ होत होती. न्यूयॉर्कचा सूर्योदय आपल्या घड्याळात पाच चौतीसला, शेवटच्या होडीनंतर चार मिनिटांनी.

हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. कागदावर दोन्ही वेळा होत्या, फक्त वेगवेगळ्या कागदांवर. शनिवारी पाच वाजून पाच मिनिटांनी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातून पहिला आवाज आला, कारण सूर्य तिथे आधी उगवतो, आणि त्याच क्षणी काकांनी रिगचं बटण बंद केलं. धाकटा उभाच राहिला. "काका, दहा मिनिटं!" काका केबल गुंडाळत म्हणाले, "अट म्हणजे अट. आणि होडी म्हणजे होडी."

रात्री काकांच्या मावसबहिणीकडे सुरमई आणि सोलकढी पोटभर झाल्यावर धाकट्याने कागद घेतला आणि रविवारचा आराखडा मांडला. साडेचारपासून टेबल, छत्री, दुसरी बॅटरी, दोन कॅन, सगळं जेट्टीकडे. मागे राहणार फक्त काठी, एक कॅन, एक बॅटरी, रिग आणि तीन माणसं. रिग मांडीवर. बंद करून तटापलीकडे पोचायला सात मिनिटं, हे त्याने सकाळी पळत जाऊन मोजलं. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "सिग्नल्समध्ये भरती हो." त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

रविवारी पाच वाजून सात मिनिटांनी परत नोव्हा स्कॉशिया. मग अमेरिकेतलं मेन राज्य. सूर्य तिकडे पश्चिमेला सरकत होता आणि एकेक गाव जागं होऊन आम्हाला हाका मारत होतं. माइक माझ्याकडे होता. मी वाळूवर मांडी घालून बसले होते, एका कॅनवर काका तोल सांभाळून बसलेले, कारण आता काठीला तेवढंच वजन उरलं होतं. तेरा मिनिटांत एकोणीस जण. पाच एकवीसला धाकट्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. समोर अजून गर्दी होती. मी म्हटलं, "सॉरी, लास्ट बोट इज लीव्हिंग द फोर्ट," आणि बंद केलं. काठी दुर्बिणीसारखी सटसट मिटली, काकांच्या कॅनमधलं पाणी सांडलं आणि त्यांच्या पँटवर गेलं. आम्ही धावलो. मी बावन्न, काका त्र्याहत्तर, आणि मध्ये बारा किलोची बॅटरी.

दोन दिवसांची नोंद ६४३ संपर्कांची. त्यातले दोनशे तरी धाकट्याने रात्री परत परत तपासले, कारण लॉगमध्ये अक्षर चुकलं तर समोरच्याला कार्ड मिळत नाही. कार्ड म्हणजे क्यूएसएल, संपर्काचा कागदी पुरावा. त्यावर काय छापायचं यावरही वाद झालाच. एक कोटी होन खर्च आला, पायात शिसं ओतलं, हे सगळं घालायचं एकाचं म्हणणं. शेवटी पायाभरणीचं साल, युनेस्कोचं साल आणि तटाचा फोटो, एवढंच ठेवलं. नाव देवनागरीत मोठं.

मार्चमध्ये कार्डांचा गठ्ठा आला, त्यात एक संपर्काचं नव्हतंच. जर्मनीतल्या एका श्रोत्याचं. काही लोकांकडे परवाना नसतो, ते फक्त ऐकतात आणि काय ऐकलं ते कळवतात. तारीख ७ डिसेंबर, वेळ ११ वाजून ५१ मिनिटं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपले पाच एकवीस. बँड, सिग्नलचा दर्जा, सगळं नीट भरलेलं. खाली शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात एकच प्रश्न: होडी मिळाली का?

आमचं कार्ड त्याला काकांनी स्वतः लिहिलं. मिळाली, म्हणून. तांडेल पाण्यात होडी धरून उभा होता आणि पलीकडे पोचेपर्यंत आम्हाला मालवणीत झापत होता, ते लिहायला जागा पुरली नाही.